बायोकेमिस्ट्रीचं पहिलं प्रॅक्टिकल : तुमच्याकडून नेमकी अपेक्षा काय असते?

लिटमस

नमस्कार. पदवीच्या बायोकेमिस्ट्री प्रॅक्टिकलच्या सुरुवातीच्या बॅचेस मी घेते. सत्र सुरू झालं की एक प्रश्न हमखास येतो : "उत्तर चुकलं तर मार्क जातील का?" त्याचं जरा सविस्तर उत्तर द्यावं म्हणून हा धागा काढतेय. ज्यांचं प्रॅक्टिकल आता सुरू होतंय त्यांनी बिनधास्त विचारा, ज्यांचं होऊन गेलंय त्यांनी भर घाला.

आधी मूळ मुद्दा. दिलेल्या नमुन्यात प्रथिन किती आहे हे बहुतेक वेळा शिकवणाऱ्याला माहीत असतं. ते शोधून देणं हे तुमचं काम नाही. तुमचा आकडा कुठल्या रीडिंगवरून आला, ते रीडिंग कुठल्या ट्यूबचं, त्या ट्यूबमध्ये काय काय आणि किती घातलं होतं, आणि त्या आकड्यावर तुमचा स्वतःचा किती भरवसा आहे, एवढं तुम्हाला सांगता आलं पाहिजे. आकडा अपेक्षेपेक्षा लांब गेलाय पण पायरी न् पायरी तपासता येतेय, अशा रिपोर्टला मी चांगले मार्क देते. आकडा अगदी बरोबर आहे पण तो कसा आला हे वहीत कुठेच नाही, तिथे मार्क द्यायला मला जागाच सापडत नाही.

आता तयारी. प्रोटोकॉल "वाचून येणं" म्हणजे नजर फिरवणं नव्हे. स्वतःच्या हाताने फ्लोचार्ट काढा, आणि प्रत्येक द्रावणासमोर ते कशासाठी घालतोय हे एका ओळीत लिहा. जिथे लिहिता येत नाही तिथे तुम्हाला प्रयोग अजून कळलेला नाही, आणि ते आदल्या दिवशी कळलेलं बरं. आकडेमोड घरूनच करून आणा. उदाहरणार्थ, ५० मिलिमोलर ट्रिस बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) १०० मिलिलिटर हवा आहे. ट्रिसचा रेणुभार १२१.१४. म्हणजे ०.०५ गुणिले ०.१ गुणिले १२१.१४, ०.६०६ ग्रॅम. हे वजनकाट्यासमोर उभं राहून मोबाइलवर करायचं गणित नाही, कारण तुमच्या मागे रांग असते आणि घाईत दशांशचिन्ह हमखास सरकतं.

तोच बफर करताना पावडर सुमारे ८० मिलिलिटर पाण्यात विरघळवा, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच जुळवा, आणि मग १०० च्या खुणेपर्यंत पाणी घाला. आधीच १०० भरलं तर आम्ल घातल्यावर आकारमान पुढे जातं आणि सगळी तीव्रता बदलते. व्हायवात "आधी ८० च का?" हा प्रश्न मी विचारतेच.

वहीबद्दल थोडक्यात. पेनने लिहा, पानांना क्रमांक घाला, तारीख टाका. चुकलेलं एका रेघेने खोडा, म्हणजे खालचं वाचता येईल. पान फाडायचं नाही. रीडिंग थेट वहीत उतरवा. ग्लोव्हवर, टिश्यूवर, हातावर लिहून "नंतर नीट उतरवतो" हे चालणार नाही.

सुरक्षेचे नियम तुम्हाला छापून मिळतीलच, ते पाळा. चष्मा डोळ्यांवर ठेवा, कपाळावर नाही. आम्ल पाण्यात घाला, पाणी आम्लात नाही. ग्लोव्ह घालून दाराच्या मुठीला, फोनला, कीबोर्डला हात लावू नका. तुम्ही जे हाताळलंय ते पुढच्या माणसाच्या उघड्या हाताला लागतं, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

---

तिसरा_बाक

ताई, धागा अगदी वेळेवर आला. आमचं पहिलंच प्रॅक्टिकल मायक्रोपिपेटचं आहे. सीनियर म्हणतात की सगळे प्रयोग पिपेटवरच बिघडतात. पण आकडा हलला तर दोष माझ्या हाताचा की पिपेटचा, हे ओळखायचं कसं?

---

मोजमाप

यावर मी लिहितो, कारण रोजचं काम हेच आहे. औषधांच्या गुणवत्ता तपासणीत आहे.

पाणी आणि वजनकाटा एवढ्यावर भागतं. खोलीच्या तापमानाला १ मायक्रोलिटर पाण्याचं वजन जवळपास १ मिलिग्रॅम असतं. काटा ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. पी-२०० पिपेट (२०० मायक्रोलिटरपर्यंत घेणारी) १०० वर लावा, काट्यावर छोटी बाटली ठेवून शून्य करा, आणि १०० मायक्रोलिटर दहा वेळा सोडा. दर वेळचं वजन लिहा.

आता दहाही आकडे बघा. ९६.१, ९५.८, ९६.३, ९६.० असे एकमेकांना चिकटून आले, पण सगळेच कमी, तर तुमचा हात स्थिर आहे. एक तर पिपेटचं कॅलिब्रेशन सरकलंय, किंवा तुमची एखादी सवय दर वेळी तेवढंच कमी उचलतेय. त्याच पिपेटने दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा. त्याचेही ९६ आले तर पिपेट बाजूला काढा आणि सांगा. त्याचे १०० आले तर सवय तपासा. आणि ९१, १०४, ९८, १०१ असे विखुरलेले आले, तर सरासरी १०० जवळ आली म्हणून खूश होऊ नका. हाताला अजून सराव हवा आहे.

बहुतेक चुका दोन ठिकाणी होतात. बटण पहिल्या थांब्यापर्यंत दाबून मग टिप द्रवात बुडवायची असते. नवीन मुलं दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबतात आणि जास्त उचलतात. दुसरी चूक म्हणजे बटण सोडण्याची घाई. अंगठा झटकन सुटला की टिपमध्ये हवा शिरते. हळू सोडा, क्षणभर थांबा, मग टिप बाहेर काढा. टिप दोनतीन मिलिमीटरच बुडवायची. खोल बुडवली की बाहेरच्या बाजूला चिकटलेला थेंबही सोबत जातो.

५ मायक्रोलिटर घ्यायला पी-२०० वापरू नका, पी-२० घ्या. आणि टिपमध्ये द्रव असताना पिपेट आडवी ठेवली की द्रव आत उतरतो आणि आतले भाग गंजतात.

---

लिटमस

मोजमाप, फारच नेमकं लिहिलंत. एक भर : एन्झाइमचे साठे अनेकदा ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असतात, त्यामुळे ते दाट असतात. तिथे अंगठा अजून हळू, आणि टिपला बाहेरून लागलेला थेंब बाटलीच्या काठावर टेकवून काढायचा. ५ मायक्रोलिटर घेताना बाहेर लटकलेला एक थेंब म्हणजे मोठी गडबड असते. आणि एन्झाइमची ट्यूब बर्फातच राहू द्या, व्हॉर्टेक्स करू नका, म्हणजे यंत्रावर जोरात ढवळू नका. फेस आला की त्यातलं काही प्रथिन बिघडलंच.

---

केतकी_पान

आमचा प्रयोग पार पडलाय, रिपोर्ट अजून द्यायचा आहे. ब्रॅडफर्ड पद्धत (रंगावरून प्रथिन मोजायची), स्टँडर्ड म्हणजे माहीत तीव्रतेचे नमुने बीएसएचे (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन). ब्लँक (प्रथिन नसलेली ट्यूब) वजा करून ५९५ नॅनोमीटरला आलेले अ‍ॅब्सॉर्बन्स (प्रकाशाचं शोषण) असे :

० ला ०.००
०.२५ ला ०.२१
०.५० ला ०.३९
०.७५ ला ०.५४
१.० ला ०.६६
१.५ ला ०.८३
२.० ला ०.९३ (तीव्रता मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये)

अज्ञात नमुन्याचं रीडिंग १.०२. सॉफ्टवेअरने सरळ रेषा काढून दिली, आर-स्क्वेअर (रेषा बिंदूंशी किती जुळते त्याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण) ०.९४ आला. त्यावरून उत्तर १.९७ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. पार्टनर म्हणतोय ०.९४ चांगला आहे, सबमिट कर. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही हे नीट सांगता येत नाही.

---

लिटमस

केतकी, तुझी शंका योग्य आहे. उत्तर देण्याआधी दोन गोष्टी सांग. ब्लँक कशाचा घेतला, पाण्याचा की नमुना ज्या बफरमध्ये होता त्याचा? आणि सॉफ्टवेअरची रेषा वाय-अक्षाला कुठे छेदते?

---

केतकी_पान

ब्लँक नमुन्याच्याच बफरचा. आणि रेषा ०.१२ ला छेदतेय.

---

लिटमस

तिथेच बघ. प्रथिन शून्य असताना तुझ्या ट्यूबने ०.०० दाखवलं, आणि रेषा म्हणतेय ०.१२. तू प्रत्यक्ष मोजलेल्या बिंदूशीच ती जुळत नाही. खालच्या टोकाला रेषा बिंदूंच्या वर, मध्ये बिंदू रेषेच्या वर, आणि वरच्या टोकाला पुन्हा रेषा वर. बिंदू इकडेतिकडे विखुरले असते तर मोजणीतली चूक म्हटली असती. हे सगळे मिळून एका वळणावर बसलेत, म्हणजे मुळात नातंच सरळ रेषेचं नाही. आर-स्क्वेअर हे तुला सांगणार नाही. बिंदू कागदावर मांडून डोळ्यांनी बघितल्यावरच ते दिसतं.

कारण रसायनशास्त्रात आहे. ही पद्धत मॅरियन ब्रॅडफर्ड यांनी १९७६ मध्ये मांडली. कूमासी ब्रिलियंट ब्लू जी-२५० हा रंग आम्लात तांबूस-तपकिरी असतो, त्याचं शोषण ४६५ नॅनोमीटरच्या आसपास जास्त. प्रथिनाला चिकटला की तो निळा होतो आणि शिखर ५९५ कडे सरकतं. आपण ५९५ ला निळा रंग मोजतो. पण ट्यूबमधला एकूण रंग ठरलेलाच असतो. प्रथिन वाढेल तसा मोकळा रंग कमी होत जातो, आणि दर वाढीव मिलिग्रॅमला मिळणारा निळा रंगही कमी होतो. म्हणून वळण येतं. तुझी पहिली पायरी ०.२१ ची आहे. शेवटी १.५ ते २.० मध्ये तीव्रता दुप्पट अंतराने वाढली, तरी भर पडली ०.१० ची. तू काम नीट केलंयस, वळण त्या पद्धतीतच आहे.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. तुझं सर्वांत वरचं स्टँडर्ड ०.९३ आणि नमुना १.०२. म्हणजे नमुना तुझ्या मोजलेल्या टप्प्याच्या बाहेर आहे. तिथे रेषा लांबवणं म्हणजे जे मोजलंच नाही त्याबद्दल बोलणं. नमुना शिल्लक असेल तर दोन वेगवेगळे डायल्यूशन कर, म्हणजे तो ५ पट आणि १० पट पातळ कर. बफर तोच वापर. वाचन वक्राच्या खालच्या, जवळपास सरळ भागात येईल, म्हणजे तीव्रता ०.७५ च्या आत.

---

रसायनी

यात दोन गोष्टी जोडतो, दोन्ही वर्गात कमी सांगितल्या जातात.

पेशी फोडताना एसडीएससारखा डिटर्जंट वापरला असेल तर ब्रॅडफर्डचे आकडे बिघडतात, कारण तो रंगाशी स्वतःच भिडतो. नमुन्यात काय काय आहे हे माहीत नसेल तर पद्धत निवडूच नये. आणि हा रंग मुख्यतः प्रथिनातल्या आर्जिनीन या अमिनो आम्लाकडे ओढला जातो. बीएसए त्याला इतर बऱ्याच प्रथिनांपेक्षा जास्त प्रतिसाद देतं. म्हणजे केतकीचा आकडा "बीएसएच्या हिशेबात इतकं" असा वाचायचा. रिपोर्टमध्ये हे एक वाक्य दिसलं की परीक्षकाला कळतं, मुलीने विचार केलाय.

क्युव्हेटबद्दलही (ज्या छोट्या चौकोनी नळीत द्रावण ठेवून रीडिंग घेतात ती). ब्रॅडफर्डला प्लास्टिकची वापरा, क्वार्ट्झवर हा रंग चिकटून बसतो. उलट २८० नॅनोमीटरला ट्रिप्टोफॅन-टायरोसिन या अमिनो आम्लांवरून प्रथिन मोजायचं असेल तर साधी प्लास्टिकची क्युव्हेट स्वतःच प्रकाश गिळते, तिथे क्वार्ट्झ लागते. धरताना धुरकट बाजूंना धरा. चकचकीत बाजूवरचा बोटाचा ठसा रीडिंगमध्ये दिसतो.

---

पाळीनंतर

मी संध्याकाळी काम करून शिकतो. घरी पोहोचेपर्यंत रात्र होते. वर लिहिलंय तशी तयारी मला मनापासून करायची आहे, पण दर वेळी सगळं जमणार नाही. सुरुवातीला जी छोटी चाचणी असते त्यात माझे मार्क जातात आणि मग तीन तास मन लागत नाही. वेळ कमी असेल तर आधी काय करावं?

---

लिटमस

हा प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत, कारण असे बरेच जण असतात आणि ते गप्प बसतात.

सगळ्यात आधी आकडेमोड. डायल्यूशनचे आकडे तयार असतील तर प्रयोग अडत नाही. सी१व्ही१ बरोबर सी२व्ही२ (सी म्हणजे तीव्रता, व्ही म्हणजे आकारमान) हे सूत्र वापरताना शेवटी किती द्रव हवाय ते आधी ठरवा, मग मागे जा. "१० पट" म्हणजे १ मिलिलिटर द्रावण आणि ९ मिलिलिटर बफर, असं वहीत शब्दांत लिहून ठेवा, म्हणजे टेबलापाशी कुणी १ आणि १० घालणार नाही.

त्यानंतर धोक्याची द्रावणं कोणती आणि ती कुठे टाकायची ते बघा. हे टाळता येणार नाही. जेलच्या प्रयोगात अ‍ॅक्रिलामाइडचं द्रावण असतं. ते मज्जासंस्थेला घातक आहे आणि त्वचेतून आत जातं. जेल घट्ट झाल्यावरही थोडं न जोडलेलं अ‍ॅक्रिलामाइड त्यात उरतं, म्हणून तेव्हाही ग्लोव्ह काढायचे नाहीत. हे माहीत नसताना बाटली उघडायला मी कुणालाच देत नाही.

फ्लोचार्ट तिसरा. तो वेळेअभावी अर्धा राहिला, तर प्रयोगातच अर्ध्या तासाचं इनक्युबेशन वगैरे असतं, त्या वेळेत पुढच्या पायऱ्या पूर्ण करा. आणि शिकवणाऱ्याला तुमची अडचण पहिल्याच आठवड्यात सांगा. चाचणीचे नियम मी इथून बदलू शकत नाही, पण प्रोटोकॉल दोन दिवस आधी हातात मिळावा ही मागणी रास्त आहे आणि ती करायला संकोच नको.

---

मोजमाप

पाळीनंतर, तुमच्यासाठी अजून एक. तुम्ही जे काम करता त्यात वेळेची शिस्त असेलच, ती लॅबमध्ये उपयोगी पडते. एन्झाइमच्या प्रयोगात दर ट्यूबला अर्ध्या मिनिटाच्या अंतराने एन्झाइम घालायचं आणि तेवढ्याच अंतराने प्रतिक्रिया थांबवायची असते. ज्यांना घड्याळ पाळायची सवय आहे त्यांचे आकडे सुंदर येतात.

---

तिसरा_बाक

एन्झाइमचा विषय निघालाच आहे तर विचारतो. व्हीमॅक्स (एन्झाइमचा कमाल वेग) आणि केएम (ज्या सब्स्ट्रेट तीव्रतेला वेग त्याच्या निम्मा असतो ती) काढायला आम्हाला डबल रेसिप्रोकल ग्राफ, म्हणजे १/वेग विरुद्ध १/तीव्रता, काढायला सांगितलाय. एका सीनियरने सांगितलं की तो जुना झालाय, काढूच नको. कुणाचं ऐकू?

---

रसायनी

सीनियरचं. मिकाएलिस आणि मेंटन यांनी समीकरण मांडलं १९१३ मध्ये. उलट्या आकड्यांचा ग्राफ लाइनवीव्हर आणि बर्क यांनी १९३४ मध्ये दिला, कारण हाताने वक्र जुळवणं अवघड होतं आणि सरळ रेषा पट्टीने काढता यायची. आज संगणक थेट वक्र जुळवतो.

उलटे केलेले आकडे चुका कशा फुगवतात ते बघ. वेग ०.२० आणि मोजणीतली चूक ०.००५ इकडे किंवा तिकडे. उलट केल्यावर ४.९ ते ५.१. काही बिघडलं नाही. आता वेग ०.०२ आणि चूक तीच. उलट केल्यावर ४० ते ६७! आणि हाच डळमळीत बिंदू ग्राफच्या टोकाला बसून सगळी रेषा स्वतःकडे ओढतो. तुझी सगळ्यात कच्ची मोजणी उत्तर ठरवते.

---

लिटमस

रसायनींचं गणित बरोबर आहे, आकडे त्या ग्राफवरून काढू नयेत हेही मान्य. पण "काढूच नको" याला माझी सहमती नाही. अवरोधक (एन्झाइमला अडवणारं द्रव्य) घातल्यावर रेषा वाय-अक्षावर एकत्र येतात की एक्स-अक्षावर, हे बघून अवरोध स्पर्धात्मक आहे की नाही ते चटकन दिसतं. तेवढ्यासाठी तो ग्राफ हाताने काढलेला असावा. केएम आणि व्हीमॅक्स मात्र वक्र जुळवूनच घ्या, आणि रिपोर्टमध्ये दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून ती वेगळी का आली यावर लिहा. चर्चेचा भाग कोरा राहतो अशी तक्रार करणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगला मजकूर नाही.

त्याही आधीची एक गोष्ट. वेग म्हणजे सुरुवातीचा वेग. पी-नायट्रोफेनॉल ४०५ नॅनोमीटरला पिवळं वाढत जाताना पहिली काही मिनिटं रेषा सरळ असते, मग वाकते, कारण सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं ते द्रव्य) संपत येतो. उतार त्या सरळ भागाचाच घ्यायचा. पहिला आणि शेवटचा बिंदू जोडून वेग काढलेला दिसला की पुढचं सगळं तपासणं व्यर्थ होतं.

---

सावली_हिरवी

मला लाल-हिरवा रंगभेद नीट कळत नाही. बेनेडिक्ट टेस्टमध्ये (साखर ओळखायची चाचणी) निळा, हिरवा, पिवळा, विटकरी असे टप्पे ओळखायचे असतात. लॅबमध्ये सगळ्यांसमोर सांगायला नको वाटतं. हे प्रॅक्टिकल मी घ्यावं का?

---

लिटमस

नक्की घ्या. सगळ्यांसमोर सांगायची गरज नाही, शिकवणाऱ्याला एकटं गाठून आधी सांगा. त्या टेस्टमध्ये साका बसतो की नाही आणि किती, हेही निरीक्षणच आहे, ते तुम्हाला दिसतं. रंग पार्टनरला विचारा आणि वहीत तसंच लिहा, "रंग पार्टनरने पाहिला". ही त्रुटी धरली जात नाही, ती प्रामाणिक नोंद आहे. पुढे बहुतेक प्रयोग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर जातात. तिथे बाययुरेट या प्रथिनाच्या चाचणीचा जांभळा रंग ५४० नॅनोमीटरला यंत्र वाचतं, तुमच्या आणि माझ्या डोळ्यांपेक्षा कितीतरी नेमकं. टायट्रेशनमध्ये रंगाऐवजी पीएच मीटर मागून घ्या.

---

जुना_एप्रन

संशोधनात आहे, सध्या प्रथिन शुद्धीकरण करतो. बफरवर थोडं, कारण वर ट्रिसचा उल्लेख आलाय. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर सरकतो, दर अंशाला साधारण ०.०२८. २५ अंशाला ८.० लावलेला बफर ४ अंशाच्या थंड खोलीत नेला की ८.६ च्या जवळ जातो. एन्झाइमला हा फरक पुरेसा असतो. ज्या तापमानाला वापरणार त्या तापमानाला पीएच लावा, आणि वहीत पीएचच्या शेजारी तापमान लिहा. फॉस्फेट यात बरंच स्थिर असतं.

सेंट्रिफ्यूजबद्दलही लिहितो. समोरासमोरच्या ट्यूब डोळ्यांनी समान भरू नका, वजन करून जुळवा. एकीत मिठाचं दाट द्रावण आणि दुसरीत पाणी असेल तर पातळी सारखी दिसते आणि वजन वेगळं असतं. आणि वहीत नुसतं "१०,००० आरपीएम" लिहिलं तर दुसऱ्या यंत्रावर ते निरुपयोगी आहे. ८ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरला १०,००० म्हणजे सुमारे ८,९०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतके पट). जी लिहा.

---

तिसरा_बाक

शेवटचा प्रश्न, आणि हा जरा अवघड आहे. तीन ट्यूब सारख्याच केल्या, रीडिंग आली ०.४१, ०.४३ आणि ०.६८. तिसरी सरळ वगळायची का? आमच्या बॅचला काही जण म्हणतात ०.४२ लिहून टाक, कुणाला कळतंय.

---

लिटमस

०.४२ लिहू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतेय. त्या क्षणी तुम्ही मोजणं थांबवता आणि पुढचं सगळं शिक्षण वाया जातं. या संपूर्ण अभ्यासक्रमात ज्या एका गोष्टीला माफी नाही ती म्हणजे न घेतलेलं रीडिंग लिहिणं. पार्टनरसोबत कच्चे आकडे वाटून घेणं ठीक आहे, ते दोघांचेच असतात. ग्राफ, गणित आणि चर्चा मात्र ज्याची त्याने लिहायची.

तिन्ही आकडे वहीत राहतील. मग ट्यूब पुन्हा बघा. बुडबुडा आहे का, क्युव्हेट बाहेरून ओली आहे का, गढूळपणा आहे का? त्याच क्युव्हेटचं रीडिंग पुन्हा घ्या. कारण सापडलं आणि त्याच वेळी वहीत लिहिलं, तर तिसरं रीडिंग वगळून "या कारणाने वगळलं" असं सांगता येतं. कारण सापडलं नाही तर चौथी ट्यूब करा. वेळ नसेल तर तिन्ही धरून सरासरी आणि तिचा विखुरलेपणा द्या, आणि लिहा की एक रीडिंग दूर आहे व कारण माहीत नाही. असा रिपोर्ट वाचताना मला तुमच्यावर विश्वास बसतो.

---

पाळीनंतर

हे वाचून हायसं वाटलं. चौथी ट्यूब करायला परवानगी असते हेच माहीत नव्हतं.

---

केतकी_पान

नमुना शिल्लक होता. आज जादा वेळ मागून दोन्ही डायल्यूशन केले, सोबत स्टँडर्डही पुन्हा लावले. ती आधीसारखीच आली. ५ पटीचं रीडिंग ०.४२, वक्रावरून ०.५५, गुणिले ५ म्हणजे २.७५. १० पटीचं ०.२३, वक्रावरून ०.२७८, गुणिले १० म्हणजे २.७८. आधीचं उत्तर १.९७ होतं! पार्टनर दहा मिनिटं ग्राफकडे बघत बसला होता.

रिपोर्टमध्ये काय लिहू? सरासरी २.७६५?

---

रसायनी

वा! दोन वेगळ्या डायल्यूशनने एकच उत्तर दिलं, यापेक्षा चांगला पुरावा तुला या प्रयोगात मिळणार नाही. दोन्ही जुळली नसती तर नमुन्यातलं काहीतरी रंगात ढवळाढवळ करतंय असा संशय घ्यावा लागला असता.

---

लिटमस

केतकी, फार छान काम केलंस. २.७६५ लिहू नकोस. तुझी रीडिंग दोन अंकांपर्यंतच खात्रीची आहेत, तेव्हा २.८ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, बीएसएच्या हिशेबात. दोन्ही डायल्यूशनची रीडिंग आणि गुणक तक्त्यात स्वतंत्र ठेव. पहिल्या दिवसाचं १.०२ आणि त्यावरून आलेलं १.९७ खोडू नकोस, तेही ठेव. ते का टाकून दिलं यावर चर्चेत एक परिच्छेद लिही : वक्राचं वळण, ०.१२ चा छेद, आणि नमुना टप्प्याच्या बाहेर. सरळ रेषेचा ग्राफही जोड, त्यावर बिंदू कसे एका बाजूला जातात ते दिसू दे. पार्टनरला त्याचा परिच्छेद त्याच्या शब्दांत लिहायला सांग.